जोक्करची वंशावळ

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती, समता कॉलनीत, व्हीआयपी रोडवर गेल्या काही वर्षांत जी कॅफे उघडली, त्यांतल्या काहींत आठवड्यातली एखादी संध्याकाळ ओपन माइकची असते. टेबलं थोडी मागं सारलेली, एका कोपऱ्यात माइकचा स्टँड, त्यावर एकच दिवा. दहा-बारा पोरंपोरी आधीच नावं नोंदवून आलेली असतात. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागच्या टेबलावरून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो, म्हणजे आता गुंडाळा. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतः कॉमेडियनच असतात आणि ते सहसा हसत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात आपापला सेट चालू असतो. उरलेले कॉफी प्यायला आलेले. इथे काही कार्यक्रम आहे हे त्यांना दारात कळलेलं असतं. मिक्सरचा आवाज नेमका पंचलाइनवर येतो. पैसे मिळत नाहीत. कित्येक ठिकाणी नाव नोंदवायलाच भरावे लागतात.

यांतला जवळपास प्रत्येक जण दिवसा दुसरं काहीतरी करतो. कुणी कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, कुणी बँकेत, कुणी घरच्या दुकानात. कॉमेडीतून जो थोडाफार पैसा येतो तो कॉलेजच्या फेस्टमधून, कंपन्यांच्या वार्षिक मेळाव्यांतून आणि लग्नाच्या संगीतात सूत्रसंचालन करून. तरी पाच मिनिटांच्या त्या सेटवर महिनोन्महिने काम चालतं. ज्या शब्दावर हशा यायचा तो वाक्याच्या शेवटीच यायला हवा. तो आल्यावर तोंड मिटून उभं राहता यायला हवं. नवख्याला हे दुसरं जमत नाही. हशा यायच्या आतच तो पुढचं वाक्य सुरू करतो आणि लोकांचं हसू लोकांच्या तोंडात राहतं.

बहुतेकांनी ही विद्या यूट्यूबवर बघून मिळवली आहे. मुंबई-दिल्लीच्या कॉमेडियनांचं बघून, आणि त्यांनी अमेरिकेतल्यांचं बघून. त्यामुळे स्टँड-अप ही बाहेरून आलेली वस्तू आहे असं ही पोरं मानतात, त्यांचे आईवडीलही मानतात. मला ते पटत नाही. माइक आणि पाच मिनिटांचं घड्याळ बाहेरून आलं, हे खरं. पण रात्री लोकांसमोर उभं राहायचं, हातात कागद नाही, गावातल्या थोरामोठ्यांची पगडी उडवायची आणि त्या हशावर पोट भरायचं, हा धंदा छत्तीसगढात फार जुना आहे. त्यात मराठी मुलखाचाही एक धागा गुंफलेला आहे. तो धागा आजपासून मागं मागं धरत गेलं की कुठे पोचतो ते बघण्यासारखं आहे.

पहिला थांबा 2005 चा. त्या वर्षी स्टार वन वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झालं. पहिल्या पर्वाचा विजेता सुनील पाल हा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. दुसरा आला एहसान कुरेशी, तो सिवनीचा. कानपूरचे राजू श्रीवास्तव त्याच पर्वातून घराघरांत पोचले. हिंगणघाट, सिवनी आणि रायपूर ही गावं 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतातली. आज ती तीन राज्यांत विखुरली आहेत, पण बोलण्याची ढब, हिंदीतली ती ओढ, चेष्टेची पद्धत एकमेकांना लगेच ओळखते. त्या कार्यक्रमानं लहान गावांतल्या पोरांना एक गोष्ट दाखवून दिली: आपलं गावठी बोलणं लपवायची गरज नाही, उलट तेच विकलं जातं.

त्याच्या आधी कॅसेट आणि ऑर्केस्ट्रा. हिंदुस्थान लिव्हरच्या कामगारांसमोर नकला करणारा जॉनी लिव्हर कल्याणजी-आनंदजींच्या ताफ्याबरोबर देशोदेशी फिरला आणि ‘हंसी के हंगामे’ ही त्याची कॅसेट गल्लोगल्ली वाजली. गणपतीत, नवरात्रात ज्या गावी ऑर्केस्ट्रा येई, तिथे गायक दम घेत असताना आणि वादक सूर जुळवत असताना एक नकलाकार पुढे येई. पडदा न पाडता, सामान न बदलता, फक्त माइक हातात घेऊन आठ-दहा मिनिटं भरून काढायची. आजच्या सेटची घडण मला तरी त्या आठ-दहा मिनिटांतूनच आलेली दिसते.

आणि त्याला समांतर कविसंमेलन. छत्तीसगढात हास्यकवी म्हटलं की पहिलं नाव डॉ. सुरेंद्र दुबे यांचं. बेमेतराचे, पेशानं आयुर्वेदाचे डॉक्टर, 2010 मध्ये पद्मश्री मिळालेले. 26 जून 2025 रोजी रायपुरातच त्यांचं निधन झालं. छत्तीसगढीत आणि हिंदीत ते मंचावर उभे राहिले की कविता हे निमित्त राही. कवितेच्या आधीचं बोलणं, मधेच थांबून समोरच्या रांगेतल्या कुणाला तरी हेरणं, मग पुन्हा ओळीवर येणं, या सगळ्यात कवितेपेक्षा जास्त वेळ जाई आणि जास्त हशाही तिथेच येई. ज्याला आज क्राऊड वर्क म्हणतात ते हास्यकवींनी होळीच्या संमेलनांत वर्षानुवर्षं केलेलं आहे. मानधन पाकिटात मिळे आणि पाकीट किती जाड असावं हे मागच्या वेळच्या टाळ्यांवर ठरे.

मराठी वाचकाला या टप्प्यावर आपले लोक आठवतील. 1961 मध्ये पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे उभे राहिले. 1979 मध्ये लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली 52 पात्रं एकट्यानं करू लागले. पण आजच्या स्टँड-अपशी सर्वांत जवळचं नातं मी राम नगरकरांचं मानतो. नाभिक घरातला हा माणूस सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून वाढला, नंतर ‘रामनगरी’ हे आत्मचरित्र लिहून त्याचाच एकपात्री प्रयोग करत फिरला. स्वतःचं घर, स्वतःची जात, स्वतःची फजिती हाच माल. आज कॅफेत उभा राहिलेला पोरगा आपल्या बापाच्या स्कूटरबद्दल बोलतो तेव्हा तो नगरकरांच्याच वाटेनं चाललेला असतो, त्याला नाव माहीत असो वा नसो. आणि नगरकरांना हे बळ मिळालं होतं लोकनाट्यातून, म्हणजे तमाशाच्या सोंगाड्याकडून. रायपुरात त्या सोंगाड्याच्या जागी नाचा या छत्तीसगढी लोकनाट्यातला जोक्कर आहे.

जोक्करकडे जाण्याची वाट रायपूरच्याच एका माणसानं पुन्हा उघडली. हबीब तन्वीर. जन्म 1 सप्टेंबर 1923, रायपूर. शाळा रायपूरची लॉरी म्युनिसिपल, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. मग मुंबई, इप्टा ही नाट्यसंस्था, दिल्लीत 1954 ला ‘आगरा बाज़ार’, पुढे इंग्लंडला नाट्यशिक्षण आणि युरोपभर भटकंती. 1958 मध्ये परत आल्यावर ते घरच्यांना भेटायला रायपूरला गेले आणि कळलं की त्यांच्याच जुन्या शाळेच्या मैदानावर रात्री नाचा आहे. ते गेले आणि पहाटेपर्यंत उठले नाहीत. युरोपातले उत्तम नट बघून आलेला हा माणूस ठाकुरराम, मदनलाल, लालूराम, भुलवाराम, बाबूदास, जगमोहन यांना बघून इतका भारावला की त्या सहा जणांना त्यानं दिल्लीला येण्याचं आमंत्रण दिलं. त्या वर्षी दिल्लीत ‘मिट्टी की गाड़ी’, म्हणजे शूद्रकाचं मृच्छकटिक, उभं राहिलं ते या गावकरी नटांना घेऊन.

पुढची कथा मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. जे नट मैदानावर रात्रभर लोकांना जागचं हलू देत नव्हते, ते दिल्लीच्या रंगमंचावर अडखळू लागले. तन्वीरांना कारण उमगायला बरीच वर्षं लागली. एक, ते त्यांना हिंदीत बोलायला लावत होते. दोन, ते त्यांना इथून तिथे, डावीकडून उजवीकडे असं आखून चालवत होते. ज्याला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं वाक्य सुचतं, त्याला आखलेल्या जागेवर उभं केलं की त्याचं अर्धं बळ जातं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दोन्ही गोष्टी सोडून दिल्या. नट छत्तीसगढीत बोलू लागले, त्यांना हवं तसं फिरू लागले. 1973 मध्ये रायपुरात नाचाच्या कलावंतांची महिनाभराची कार्यशाळा झाली, तिच्यात नाचातलीच तीन प्रहसनं जोडून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ तयार झालं. त्यानंतर ‘चरणदास चोर’. 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला, तेव्हा मंचावरचे बहुतेक जण रायपूर-दुर्ग-राजनांदगावच्या खेड्यांतले होते.

रायपूरच्या कॅफेत हा धडा आजही दर आठवड्याला गिरवला जातो. सगळा सेट हिंदीत, दिल्लीच्या वळणाचा. अर्ध्यावर गाडी अडली की पोरगा घाबरून समोरच्याशी छत्तीसगढीत काहीतरी बोलतो आणि पहिल्यांदा खोली एकदम हसते. पाठ केलेल्या चार मिनिटांना जे जमलं नाही ते त्या एका वाक्याला जमतं. यातून धडा घेणारे कॉमेडियन छत्तीसगढीत पूर्ण सेट बांधू लागले की मला बरं वाटतं.

तन्वीरांना शाळेच्या मैदानावर जो नाचा दिसला तो मात्र आपोआप तिथवर आलेला नव्हता. त्यामागे दाऊ मंदराजी होते. दाऊ म्हणजे मालगुजार, जमीनदार. दुलारसिंह हे त्यांचं मूळ नाव, जन्म 1 एप्रिल 1911, राजनांदगावजवळच्या रवेली गावात. घरात जमीनजुमला, पण मुलाचं लक्ष नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांत. त्या काळी नाचाची मंडळी विखुरलेली होती; कुठे बोलावणं आलं की इकडून तिकडून चार जण गोळा व्हायचे, काम झालं की पांगायचे. 1927-28 च्या सुमारास मंदराजींनी नावाजलेले कलावंत एकत्र करून रवेलीची कायमची नाचा पार्टी उभी केली. चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणलं, मशालीच्या जागी पेट्रोमॅक्स. विषयही बदलले. म्हातारा नवरा आणि कोवळी पोर यावर प्रहसन, हिंदू-मुसलमानांच्या भांडणावर प्रहसन, शिवाशिवीवर प्रहसन. या सगळ्यापायी जमीन विकत गेली. 24 सप्टेंबर 1984 ला ते गेले तेव्हा हाती काही उरलेलं नव्हतं. आता छत्तीसगढ सरकार लोककलावंतांना त्यांच्या नावानं पुरस्कार देतं.

चिकारा आणि मशाल यांच्या काळातला जो नाचा होता त्याला ‘खडे साज’ म्हणतात. वादक उभेच असायचे. तबला कमरेला कापडानं बांधलेला, चिकारा छातीशी, मंजिरा हातात. मंच नव्हता, देवळापुढचं किंवा चावडीपुढचं अंगण, लोक चहूबाजूंनी. नट जिकडे जाईल तिकडे वादकही सरकायचे आणि मशालवाला नटाच्या तोंडावर उजेड धरत त्याच्या मागं पळायचा. मशालवाल्यालाही पंचलाइन कळावी लागे, कारण हशाच्या क्षणी चेहरा अंधारात गेला तर विनोद वाया. तोंडाला खडू, गेरू, हरताळ, मुर्दाडशिंग, काजळ. बायकांची कामं पुरुषच करत, त्यांना परी म्हणत. आणि मधोमध जोक्कर.

जोक्कर एकटा नसायचा, जोडीनं असायचा. दोघांपैकी एक जरा शहाणा, दुसरा बावळट, निदान दिसायला तरी. शहाणा प्रश्न विचारतो, बावळट असं उत्तर देतो की शहाण्याचं शहाणपण उघडं पडतं. पाठ केलेली संहिता नाही. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सगळं तिथल्या तिथे, म्हणजे ज्या गावात खेळ आहे तिथल्या पाटलाचं, सावकाराचं, नव्या मास्तरचं नाव त्यात गुंफलेलं. एखादा विनोद बसला नाही तर दुसरा लगेच तो उचलून धरतो, साथीदार पडला म्हणून त्याचीच खिल्ली उडवतो आणि त्या खिल्लीवर लोक हसतात. म्हणजे पडलेला विनोदही वाया जात नाही. अशा प्रसंगांना नाचात गम्मत म्हणतात. तमाशाच्या बतावणीत हीच रीत आहे: सोंगाड्या आणि नाईक, एक ताणतो, दुसरा सोडतो.

या जोडीतला दुसरा गेला, हेच माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं नुकसान आहे. ऑर्केस्ट्रात तो गेला, कविसंमेलनात तो सूत्रसंचालकाच्या रूपानं थोडासा उरला, कॅफेत पूर्ण नाहीसा झाला. एकट्यानं उभं राहिल्यावर प्रश्न कोण विचारणार? म्हणून कॉमेडियन समोरच्या टेबलाला विचारतो: कुठले तुम्ही, काय करता, ही कोण? प्रेक्षकालाच दुसरा जोक्कर बनवायची ती धडपड असते. समोरचा चांगला सापडला तर रात्र रंगते. तो गप्प राहिला किंवा चिडला तर कॉमेडियनला सावरायला कुणी नाही. नवी पोरं पहिल्या सहा-आठ महिन्यांत हे सोडून देतात त्याचं कारण विनोद सुचत नाहीत हे नसतं. पडल्यावर मंचावर आपल्या बाजूचं कुणी नसणं सोसत नाही.

पैशाचीही रीत बदलली. नाचात परी गात गात लोकांत शिरते, कुणी नोट पुढे करतो, त्याचं नाव मोठ्यानं घेतलं जातं, गाण्यात गुंफलं जातं. याला मोंजरा म्हणतात. आपल्या तमाशात दौलतजादा. देणाऱ्याचं नाव गावासमोर निघे, म्हणून तो देई. कॅफेत शेवटी क्यूआर कोड फिरतो. कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण काही टाकत नाहीत.

हसवणाऱ्यांवर येणारा राग मात्र जुना आहे तसाच आहे. शिवाशिवीवरचं जे प्रहसन नाचात चाले ते सुखराम आणि सीताराम या दोन कलावंतांनी 1930 च्या दशकात बांधलं. गावागावांत ते ‘जमादारिन’ म्हणून माहीत होतं, पुढे ‘पोंगा पंडित’ म्हणून गाजलं. झाडलोट करणारी बाई देवळात येते आणि भोळेपणानं पंडिताला असे प्रश्न विचारत जाते की त्याचं सोवळं त्याच्याच तोंडानं फाटतं. पिढ्यान् पिढ्या सवर्ण आणि दलित एकाच अंगणात बसून यावर हसले. हबीब तन्वीरांनी ते ‘नया थिएटर’ या आपल्या नाट्यसंस्थेतर्फे केलं, तेव्हाही वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. 1992 नंतर मात्र विरोध सुरू झाला आणि 2003 मध्ये मध्य प्रदेशच्या दौऱ्यात प्रयोगांवर हल्ले झाले. तेव्हा तन्वीर ऐंशीच्या घरात होते आणि त्यांनी दौरा सोडला नाही. 1 जानेवारी 2021 ला इंदूरच्या एका कॅफेत कॉमेडियन मुनव्वर फारुकीचा कार्यक्रम थांबवून त्याला अटक झाली, महिन्याभरानं सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. त्या घटनेनंतर मध्य भारतातला प्रत्येक लहान कॉमेडियन सेट लिहिताना कुठले शब्द टाळायचे याचा आधी विचार करतो. सुखराम-सीतारामांच्या पाठीशी गाव होतं. कॅफेतल्या पोराच्या पाठीशी कॅफेचा मालक असतो आणि मालकाला लायसन्सची काळजी असते. यात पोरांचा दोष मला दिसत नाही.

नाचाच्या नटांच्या वाट्याला आलेलं म्हातारपणही विसरता येत नाही. गोविंदराम निर्मलकर यांनी जगभर ‘चरणदास चोर’ केलं, 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये ते गेले. शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. मंदराजी तसे, निर्मलकर तसे. हसवण्याच्या धंद्यात नाव मिळूनही पोट भरत नाही, ही तक्रार इन्स्टाग्रामच्या आधीची आहे.

आता खडे साजच्याही मागं. 1741 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपुरात घुसले आणि छत्तीसगढ मराठ्यांच्या हाताखाली आलं. 1758 मध्ये रघुजींचा मुलगा बिंबाजी रतनपुरात येऊन राहिला आणि 1787 पर्यंत, मरेपर्यंत, तिथेच राहिला. रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर त्याचं. त्याच्या कारकिर्दीत मोडी लिपी, मराठी कारकून, दसऱ्याला सोनं वाटायची रीत इथे रुजली. रायपुरातल्या तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत मराठी घरं स्थिरावली ती त्या आणि त्यानंतरच्या काळात. माधवराव सप्रे, ज्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेलं, ते याच मराठी थराचे.

सैन्याबरोबर करमणूक येतेच. छावणीत रात्री गंमत व्हायची, पुरुष बायकांचे वेष घेऊन नाचायचे, सोंगाड्या सरदाराचीही नक्कल करायचा. तीच गंमत गावकऱ्यांनी उचलली आणि त्यातून नाचा उभा राहिला, असं छत्तीसगढी लोककलेचे अनेक अभ्यासक सांगत आले आहेत. मी याला अर्धा होकार देईन. इथे देवार होते, जे पिढ्यान् पिढ्या गात-नाचत फिरत आले आहेत. इथे गांडा समाजाचा बाजा होता, राऊत गवळ्यांचा नाच होता, विनोदाची जाण तर कुणी छावणीतून आणत नाही. मराठ्यांकडून जे आलं ते मला वाटतं बांधणीचं होतं: आधी गाणं, मग स्त्रीवेषातला नाच्या, मग विनोदी जोडी, मग कथा, आणि हे सगळं उभ्यानं, रात्रभर.

‘उभ्यानं’ हा मुद्दा मी मुद्दाम धरून ठेवला आहे. कारण विदर्भात, नागपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत, हाच प्रकार ‘खडी गंमत’ या नावानं आजही जिवंत आहे. शाहीर, नाच्या, गमत्या, ढोलकी, डफ, तुणतुणं, आणि कुणीच बसत नाही. पश्चिम महाराष्ट्राचा तमाशा फडावर, कनातीत, तिकिटावर गेला. खडी गंमत गावच्या अंगणातच राहिली. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या रात्री खडी गंमत, दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक ठेवलेलं असतं. सीमेपलीकडे छत्तीसगढात त्याच दिवसांत मड़ई भरते आणि रात्री नाचा असतो. सालेकसा-देवरी ओलांडून डोंगरगड-राजनांदगावकडे जाणाऱ्या माणसाला एका बाजूची मंडई कुठे संपली आणि दुसरीकडची मड़ई कुठे सुरू झाली हे भाषेवरूनच काय ते कळेल. मंदराजींचं रवेली या सीमेपासून फार लांब नाही, आणि छत्तीसगढी नाचाचे सर्वांत नामांकित साज, म्हणजे मंडळी, नेमके राजनांदगाव-दुर्गच्या या पट्ट्यात उभे राहिले, हा योगायोग मला वाटत नाही. तिकडून काही इकडे आलं असेल, इकडून तिकडे गेलं असेल. कलावंतांच्या वाटेवर प्रांतांची नाकी नव्हती.

खडी गंमतीच्या आणि दंडारीच्या अंगणातूनच पुढे झाडीपट्टीची रंगभूमी वाढली. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हे तिचे चार जिल्हे. पूर्वी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, पाहुणे जमत आणि त्यांना रात्री नाटक दाखवायचं हा गावाचा मान असे. 2023 मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, पण त्या चार जिल्ह्यांत ते फार आधीपासून घरचं होतं.

रायपूरच्या कॉमेडियनशी बोलायला लागलं की तो मुंबईचं नाव घेतो, जी हजार किलोमीटरहून लांब आहे आणि जिथे त्याच्यासारखे शेकडो जण एकेका स्पॉटसाठी रांगेत आहेत. त्याच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, गोंदियाला गाडी बदलून जाता येईल अशा वडशाला, म्हणजे देसाईगंजला, हसवणाऱ्याला अजून हंगामभर रोजचं काम आहे. पावसाळा सरला की तिथे नाटक मंडळांची कार्यालयं उघडतात, दारावर नाटकांची पोस्टरं लागतात. खेड्यांतून पाच-सात जणांची मंडळी येतात, बसून चहा पितात, यंदा नायक कोण, खलनायक कोण हे विचारतात, आणि विनोदी नट कोण हे तर हमखास विचारतात, कारण रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत गावाला जागं ठेवणार तो. नाव पसंत पडलं की घासाघीस होते, आगाऊ रक्कम दिली जाते, मंडईची तारीख वहीत लिहिली जाते. मग त्याच नटाची तीच रात्र दुसऱ्या गावाला हवी असते, आणि ते गाव पुढच्या तारखेसाठी थांबतं.